टाकीतले पाणी आणि पापडांची खोली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. मायक्रोकंट्रोलर हा शब्द माझ्या तोंडी ऐकून पुष्कळजणींना हसू आले असेल. पण आपल्या गल्लीत नळाला पाणी येते पहाटे चारला, तेही एक दिवसाआड. टाकी कितपत भरली हे पाहायला बॅटरी घेऊन गच्चीचा जिना चढणारे माणूस घरोघरी बाईच असते, आणि कित्येक घरी ती सासूबाईंच्या वयाची असते. म्हणून हा विषय मी आपलाच समजते.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढे गणकयंत्र. ते ज्या पट्टीवर बसवतात तो बोर्ड. त्याला जे डोळे-कान जोडायचे ते सेन्सर. माझा मुलगा डिप्लोमाला आहे, त्याच्याजवळ बसून मी हे शिकले. पोळ्या लाटता लाटता म्हणा ना!

दुकानदार आधी आर्डुइनो युनो पुढे करतो. २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनोची सुरुवात झाली. शिकायला उत्तम, मोडायला कठीण. पण युनोच्या नेहमीच्या बोर्डात वाय-फाय नाही, म्हणजे गच्चीवरची बातमी स्वयंपाकघरात यायची कशी? त्यापेक्षा ईएसपी ८२६६ किंवा ईएसपी ३२ घ्यावा. दोन्हींत वाय-फाय आहे. एकच टाकी पाहायची असेल तर ८२६६ पुरे. पण त्याला कमीजास्त होणारा दाब वाचणारी खुंटी एकच असते. चार-सहा सेन्सर लावायची हौस असेल तर ३२ घ्या. हे दोन्ही २.४ गिगाहर्ट्झचेच वाय-फाय ओळखतात, हे आधी घरच्या राउटरवर पाहून घ्या.

आता टाकीचा डोळा. दोन गोल डोळ्यांचा एचसी-एसआर०४ स्वस्त मिळतो. तो वटवाघळासारखा आवाज सोडतो आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. मात्र टाकीत वाफ धरते आणि तो ओला होऊन भलतेच आकडे सांगू लागतो. टाकीसाठी पाण्याला न भिणारा एकडोळी जेएसएन-एसआर०४टी घ्यावा. त्याची एक खोड आहे. वीस-पंचवीस सेंटीमीटरपेक्षा जवळचे त्याला दिसत नाही. तेव्हा टाकी काठोकाठ भरली तरी पाण्यापासून तेवढा वर राहील असा बसवायचा. समजा डोळा तळापासून १२५ सेंटीमीटर उंच आहे आणि आकडा ८५ आला, तर पाणी ४०. वजाबाकी आपल्या सर्वांना येते, बरे का!

आणखी एक. हा डोळा ५ व्होल्टचा, ईएसपी ३.३ व्होल्टचा. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालताना दुमड घालतो, तसे डोळ्याकडून येणाऱ्या तारेत १ हजार आणि २ हजार ओहमचे दोन रेझिस्टर घालून दाब उतरवावा. बोर्ड उन्हापावसात ठेवू नका. जिन्याच्या खोलीत, कोरड्यात ठेवा.

मंडळाच्या पापडांच्या खोलीसाठी दमटपणा मोजणारा सेन्सर हवा. निळा डीएचटी११ स्वस्त, पण शंभरात पाचाची चूक धरायची. पांढरा डीएचटी२२ थोडा महाग आणि पुष्कळ नेमका. पावसाळ्यात पापड मऊ पडले की तोटा आपल्याच गल्ल्यात येतो, म्हणून इथे काटकसर नको. कुंडीसाठी ओल मोजणारा दोन दांड्यांचा सेन्सर मात्र मुळीच घेऊ नका. त्याच्या दांड्या काही दिवसांत गंजून जातात. कपॅसिटिव्ह नावाचा मिळतो, तो टिकतो.

गॅसच्या सेन्सरबद्दल मला कालच तिघींनी विचारले. एमक्यू-६ नावाचा मिळतो. तो आत तापत राहतो, नवा असताना दिवसभर तापवावा लागतो, आणि हवेच्या दमटपणाने त्याचे आकडे सरकतात. मुलांनी हौसेने जरूर लावावा, पण त्याच्या भरवशावर रात्री निजू नये. जिवाशी गाठ आहे तिथे प्रमाणित, तयार अलार्मच घ्यावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो, म्हणून अलार्म खाली लावायचा. वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नये, बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, यजमानांना सांगितले की ते आणतील. आणतील हो, पण पहाटे चारला उठणार कोण?

गुरुवारी दुपारी तीनला मंडळाच्या खोलीत मुलगा आणि मी एक संच जोडून दाखवणार आहोत. ज्यांना बसवायचा आहे त्यांनी येताना आपल्या टाकीची आतली उंची मोजून, कागदावर लिहून आणावी.