शरीराच्या खतावणीतील लोह

(जागतिक थॅलेसेमिया दिनी, ८ मे रोजी, रुग्णालयाच्या सभागृहात भरलेल्या देणगीदार व पालक मेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि आयुष्य कीर्द-खतावणीत गेले. तरीही आज आजाराविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत. कारण हा आजार मुळात हिशेबाचा आहे, असे आमच्या ध्यानी आले आहे.

थॅलेसेमिया मेजर असलेल्या बालकाच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार होत नाही. दोष जन्मजात असतो, आईवडील दोघांकडून आलेला असतो. अशा बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि ते आयुष्यभर. रक्त मिळाले की कोमेजलेले मूल तासाभरात खेळू लागते. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे आणि त्यासाठी सढळ हाताने दानही केले आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. आपण निरोगी माणसे दिवसभराच्या अन्नातून जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषून घेतो आणि तेवढेच गमावतो. यापेक्षा अधिक लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने मानवी शरीरात ठेवलेली नाही. वर्षाला २५ पिशव्या लागणाऱ्या रुग्णाच्या शरीरात त्या एका वर्षात पाच ग्रॅम लोह जमा होते. निरोगी प्रौढाच्या संपूर्ण शरीरात मिळून ते तीन-चार ग्रॅम असते. जमेची बाजू भरत राहते आणि खर्चाची बाजू कोरीच राहते. अशी खतावणी कोणत्याही लेखापरीक्षकाला अस्वस्थ करील.

हे शिल्लक लोह यकृतात, हृदयात आणि अंतःस्रावी ग्रंथींत साठते. मुलाची उंची खुंटते, वयात येणे लांबते, काहींना मधुमेह जडतो. सर्वांत मोठा धोका हृदयाला असतो. युरोपात हिमोक्रोमॅटोसिस नावाचा लोहसंचयाचा आनुवंशिक विकार बऱ्याच प्रमाणात आढळतो; त्याचे जनुक १९९६ मध्ये सापडले. तेथे रुग्णाचे रक्त ठराविक काळाने काढून घेतले की लोह कमी होते. आपल्या देशात तो विकार विरळा. येथे आनुवंशिक दोषापायी लोह साठणारे रुग्ण प्रामुख्याने थॅलेसेमियाचे; आणि ज्यांना रक्तच अपुरे, त्यांचे रक्त काढणार कसे? त्यांच्यासाठी औषध हाच मार्ग उरतो.

या औषधांच्या इतिहासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पूर्वी डेस्फेरॉक्झामाइन हे एकच औषध होते. लहान पंपाच्या साहाय्याने, त्वचेखाली सुई टोचून, रात्रीचे आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री ते द्यावे लागे. खर्च आणि यातना दोन्ही मोठ्या. लंडनमधील संशोधकांनी १९८० च्या दशकात डेफेरिप्रोन हे तोंडाने घेण्याचे औषध पुढे आणले. मुंबईत डॉ. एम. बी. अग्रवाल यांनी रुग्णांवर त्याचा अभ्यास केला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास सिप्ला कंपनीने ते भारतात उपलब्ध केले. युरोपात त्यास १९९९ मध्ये आणि अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. दिवसातून एकदा घ्यावयाचे डेफेरासिरॉक्स २००५ नंतर आले. आज रक्त आणि ही औषधे नियमित मिळालेले रुग्ण शिकतात, नोकरी करतात, विवाह करतात, चाळिशी-पन्नाशी पाहतात.

‘नियमित’ या शब्दातच सारी अडचण आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत काम करणारे एक पालक आमच्या टेबलापाशी येऊन म्हणाले होते, “सायेब, रगत भरलं की पोरगं उड्या मारतंय. ह्या गोळ्यांनी तर काय बी दिसत न्हाई. मग म्हैन्याला एवढं पैसं कशापायी?” त्यांनी कित्येक महिने गोळ्या बंद ठेवल्या होत्या. दिवसभर लोखंड ओतणाऱ्या त्या गृहस्थांना आपल्या मुलाच्या हृदयात लोह साठत असल्याचे कोणी समजावून सांगितले नव्हते. डॉक्टरांनी फेरिटिनचे अहवाल त्यांच्यापुढे मांडले. मुलाच्या वर्गातील मुले त्याच्यापेक्षा हातभर उंच झाली होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आकडा हळूहळू उतरत आहे. गेलेली उंची भरून येईल, असे आश्वासन मात्र डॉक्टर देत नाहीत.

त्या दिवशी आम्ही आमचे जुने वार्षिक अहवाल काढून पाहिले. प्रत्येक अहवालात रक्ताच्या किती पिशव्या दिल्या, याचा आकडा ठळक अक्षरांत होता. किती मुलांना लोह काढणारे औषध खंड न पडता मिळाले, किती मुलांची फेरिटिन तपासणी वेळेवर झाली, याची नोंद कोठेच नव्हती. चूक त्या पालकांची नव्हती, आमची होती. जमेची बाजू छापून आम्ही ताळेबंद पूर्ण झाल्याचे समाधान मानीत होतो. यापुढे हे दोन्ही आकडे आपल्या अहवालात राहतील.

या कुटुंबांचे जगणे तारखांना बांधलेले असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा आपण दूध-भाजीच्या काळजीत होतो. ज्या घरात रक्ताची तारीख जवळ आली होती, तेथील काळजी निराळीच होती. एरवीही शाळा बुडते, मजुरी बुडते. त्यातच शेजारीपाजारी मायेपोटी फिकट मुलाला गूळ-शेंगदाणे आणि लोहाचे टॉनिक सुचवितात. गुळासाठी नावाजलेल्या आपल्या कोल्हापुरात हा सल्ला घरोघरी मिळतो. पालकांना आमची हात जोडून विनंती आहे की, डॉक्टरांना विचारल्याविना लोहाचे कोणतेही औषध या मुलांना देऊ नये. आणि गोळ्या चालू असताना सांगितलेल्या रक्ततपासण्या टाळू नयेत, कारण या औषधांनाही देखरेख लागते.

पालकांनी आपले हक्कही जाणून घ्यावेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात थॅलेसेमियाचा समावेश आहे. उपचारार्थ जाताना रेल्वेभाड्यात सवलत मिळते. भावंडाची अस्थिमज्जा जुळणाऱ्या पात्र बालकांच्या प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या सहकार्याने २०१७ पासून दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्याची योजना आहे. आमच्या कार्यालयात या अर्जांसाठी साहाय्य केले जाते. संकोच करू नये.

एक शब्द तरुणांसाठी. भारतात शंभरांमागे तीन ते चार व्यक्ती थॅलेसेमियाच्या वाहक आहेत. वाहक स्वतः निरोगी असतो. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. फाळणीनंतर आपले सिंधी बांधव वळिवडे येथील छावणीत आले आणि तेथे गांधीनगरची बाजारपेठ उभी राहिली. त्यांच्या समाजात वाहकांचे प्रमाण अधिक आढळते हे खरे; पण मराठी भाषक समाजांतही वाहक आहेत. कोणा एका समाजाकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. विवाहापूर्वी, निदान गरोदरपणाच्या प्रारंभी, एचबीए-२ ही रक्ततपासणी प्रत्येकाने करून घ्यावी. पत्रिका पाहण्यास आमचा विरोध नाही. तिच्यासोबत हा अहवालही पाहावा, एवढेच.

देणगीदार बंधुभगिनींनो, शाहू जयंतीला आणि गणेशोत्सवात आपल्या तालमी व मंडळे रक्तदान शिबिरे भरवितात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. ते कार्य अखंड चालावे. उन्हाळी सुट्टीत रक्त कमी पडते, तेव्हाही आपली आठवण आम्ही करूच. आज आम्ही त्यापुढचे मागत आहोत. गोळ्यांच्या पाकिटाचे छायाचित्र वृत्तपत्रात येत नाही आणि तपासणीच्या शुल्कावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही. तथापि एका मुलाच्या वर्षभराच्या औषधाचा भार आपण उचललात, तर आपण दिलेले रक्त खऱ्या अर्थाने कारणी लागेल.

रक्ताने या मुलांचा आजचा दिवस उभा राहतो. त्यांची पुढची वीस-तीस वर्षे उभी करण्यासाठी खर्चाच्या त्या कोऱ्या बाजूवर आपल्याला रोज एक नोंद करावयाची आहे. ती आपण सर्वांनी मिळून करावी, ही नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.