बदली एकाची, बिऱ्हाड सगळ्यांचं



माझं माहेर देवासचं, सासर धारचं, आणि नोकरी न्हावा शेवा बंदरातल्या मालाच्या कागदपत्रांची. मुख्याध्यापिका बाईंनी या बक्षीस समारंभाचं निमंत्रण देताना सुचवलं होतं की मुलांना करिअरबद्दल चार शब्द सांगा. करिअरबद्दल सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी त्याला लागूनच असलेल्या एका गोष्टीबद्दल बोलणार आहे. नोकरीसाठी लहान मूल कडेवर घेऊन समुद्राकाठच्या शहरात बिऱ्हाड हलवायचं, तेव्हा घरात काय काय घडतं? मुलांनो, तुमच्यातल्या कितीतरी जणांवर पुढे ही वेळ येणार आहे. मागे बसलेल्या पालकांपैकी काहींच्या घरी कदाचित आत्ताच त्याची बोलणी चालू असतील.

आपण मराठी माणसं तरी माळव्यात आलो कशी? कामासाठीच. 1728 साली तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा पवार बंधूंनी देवासला आपली गादी मांडली, धारला आनंदराव पवारांचं घराणं स्थिरावलं. त्यांच्या मागे कारकून आले, वैद्य आले, भिक्षुक आले, आचारी आले. आणि कारकुनाच्या मागे त्याची बायको आली, मुलांना घेऊन, सातपुडा आणि नर्मदा ओलांडून. पवारांची नावं इतिहासाच्या पुस्तकात आहेत. त्या बाईने इथे चूल कुठे मांडली, दूध कोणाकडून आणलं, मूल तापाने फणफणलं तेव्हा कोणाचं दार ठोठावलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला स्वतःला घर हलवायचं होतं तेव्हा नेमकं तेच वाचायला हवं होतं.

एका घराची गोष्ट मात्र देवासला माहीत आहे. ती उलट्या दिशेची आहे, समुद्राकडून इकडे येण्याची. 1948 च्या जानेवारीअखेर मुंबईहून एक तरुण जोडपं इथे आलं. कुमार गंधर्व तेव्हा पंचविशीच्याही आत होते. आदल्याच वर्षी भानुमतीताईंशी त्यांचं लग्न झालं होतं, मुंबईत मोठं नाव झालं होतं आणि क्षयाने त्यांना गाठलं होतं. कोरड्या हवेत राहा, गाणं बंद ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून देवास. पुढची पाच-सहा वर्षं ते गायले नाहीत. अंथरुणावर पडून रस्त्यावरून जाणाऱ्यांची, मागून खाणाऱ्यांची माळवी गाणी ऐकत राहिले. त्यातून पुढे त्यांचे धुनउगम राग आले, आणि हिंदुस्तानी संगीताला या मातीतलं असं काही मिळालं जे आधी तिथे नव्हतं. 1952 च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिनचा उपचार मिळाला, 1953 मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले, आणि 1992 साली जाईपर्यंत देवासचेच राहिले.

हे सगळं तुम्ही ऐकलेलं आहे. माताजींच्या टेकडीखालचं त्यांचं घर तुम्ही येता-जाता पाहता. मला सांगायचंय ते भानुमतीताईंबद्दल. त्या स्वतः गाणाऱ्या होत्या. इथे आल्यावर त्यांनी शाळेत शिकवायची नोकरी धरली. आजारी माणसाची शुश्रूषा, औषधपाणी, घरखर्च, सगळं त्यांनी ओढलं. देवासच्या स्नेह्यांनी त्या दोघांना सांभाळलं, इंदूरची मित्रमंडळी येत-जात राहिली. 1961 मध्ये भानुमतीताई गेल्या, फार लवकर गेल्या. कुमारजींचं गाणं ऐकताना मला त्या शाळेत जाणाऱ्या बाई दिसतात. गाव बदलल्यावर ते घर टिकलं, त्याला दोन आधार होते. बरोबर आलेल्या माणसाला इथे स्वतःचं काम होतं, आणि दार उघडणारी चार घरं होती. माझं आजचं सगळं बोलणं या दोन गोष्टींबद्दल आहे.

धारकरांसाठी एक नाव घेते. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके मूळचे वसईचे, म्हणजे अगदी समुद्राकाठचे. ते धारला आले आणि धारचेच झाले, 1961 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांच्या हातचा. मुंबईला गेलात तर तो पाहा, आणि बरोबरच्या मुलांना सांगा की हे घडवणारे आजोबा आपल्या धारला राहायचे.

आता माझ्या घराविषयी. पीथमपूरच्या डेपोत सील झालेले कंटेनर न्हावा शेव्याला येतात आणि जहाजावर चढतात. यंत्रांचे सुटे भाग असतात, औषधं असतात. कागदावर 'जिल्हा धार' वाचलं की आजही मला आनंद होतो. मला तिथली नोकरी मिळाली तेव्हा मुलगी नुकती बोलायला लागली होती. यजमान धारला गणित शिकवत होते. नोकरी मला लागली होती, म्हणजे गाव त्यांनी सोडायचं होतं. घरातल्या मोठ्यांना हे पचायला जड गेलं. बायकोच्या मागे नवरा जातो का, असं नात्यातल्या काहींनी तोंडावर विचारलं. यजमान गेले. नवी मुंबईत त्यांना मनासारखं काम मिळायला बराच काळ लागला, आणि त्या काळात मुलीचं जेवण, झोप, बालवाडी त्यांनी पाहिली. मी रोज ऑफिसला जाऊन चार माणसांत बोलून यायची. ते त्या फ्लॅटमध्ये दोन वर्षांच्या मुलीशी बोलायचे आणि संध्याकाळी दाराची बेल वाजायची वाट पाहायचे. आपल्याकडे लाखो बायका हेच करत आल्या आहेत, पण एका पुरुषाला ते करताना पाहिलं तेव्हा लोकांना त्यातला एकटेपणा पहिल्यांदा दिसला. मुलींनो, मुलांनो, तुमच्या घरात जो कोणी असा मागून येईल, त्याच्या कामाची चौकशी तुमच्या पगाराइतक्याच गांभीर्याने करा. आणि ती जाण्याआधी करा.

हवेचंही सांगते, कारण ते आपल्याला खरंच वाटत नाही. आपलं पठार समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरवर. उन्हाळ्यातसुद्धा आपली रात्र गार होते. तिथे मे महिन्यात रात्रभर घाम थांबत नाही. सेवेचा डबा उघडा राहिला की सेव सादळते, पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, लहान मुलाचे कपडे वाळत नाहीत. पावसाची तर कल्पनाच वेगळी करावी लागते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. देवासला अख्ख्या पावसाळ्यात साधारण तेवढाच पडतो. म्हणून घर भाड्याने घेताना जून ते सप्टेंबर तिथे पाणी कुठवर येतं, हे एजंटला विचारू नका, खालच्या किराणा दुकानदाराला विचारा. पहिल्या वर्षी मुलीचा खोकला हटेना तेव्हा मी फार घाबरले होते. दुसऱ्या पावसाळ्यात तो कमी झाला. शरीर शिकतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

पालकांसाठी थोडं व्यवहाराचं. भाड्याचा करार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो. डिपॉझिट, एजंटची दलाली आणि पहिलं भाडं एकदमच द्यावं लागतं, तेवढी रक्कम हाताशी असू द्या. आपल्याकडे शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात, पण चांगल्या शाळांचे प्रवेश त्याच्या कितीतरी आधी होतात. दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर मूल असेल तर घाई करू नका. मेडिकलसारख्या प्रवेशांत या परीक्षा कोणत्या राज्यातून दिल्या, हे पाहिलं जातं. आणि मराठी लिहायला शिकवा. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. आपली मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी लिहितात; रोज पानभर मराठी लिहिलं तर तिकडे ती मागे पडणार नाहीत.

मुलींनो, तुम्ही नोकरीच्या मुलाखतीला जाल तेव्हा पाळणाघराबद्दल बिनधास्त विचारा. 2017 च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी असा कायदा आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला पाहता येतं. एका ठिकाणी मी हे विचारलं तेव्हा समोरच्या साहेबांनी मला 'तुमचं लक्ष कामात राहील ना?' असं विचारलं. मी ती नोकरी घेतली नाही. मुलांनो, तुम्हीही बाप होणार आहात, तेव्हा तुम्हीही विचारा.

आणि ज्या गावात जाल ते कोणाचं आहे, हे जाणून घ्या. आम्ही नवी मुंबईत उलव्याला राहायला गेलो तेव्हा शेजारच्या आगरी काकूंनी पहिल्याच आठवड्यात मुलीला स्वतःकडे ठेवून घेतलं. मासे खात नाही म्हटल्यावर तिच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. त्यांच्याकडूनच मला कळलं की हे शहर आणि हे बंदर उभं राहताना उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि 1984 च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. दि. बा. पाटील त्यांचे नेते होते. जमिनी दिलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण त्या लढ्यातून आलं. माझा पगार ज्या जमिनीवर तयार होतो, त्या जमिनीसाठी कुणी जीव दिला आहे. हे कळल्यावर मी काकूंच्या घरी पाहुण्यासारखी जाईनाशी झाले. त्यांच्या गावदेवीच्या जत्रेला आम्ही घरचेच म्हणून जातो. त्यांनाही आम्ही एका हिवाळ्यात इकडे आणलं, टेकडी दाखवली, गराडू खाऊ घातले, धारचा किल्ला आणि मांडू दाखवलं.

माझ्या मुलीला तिचं गाव कोणतं म्हणून विचारलं की ती तिन्ही नावं सांगते, देवास, धार आणि उलवे. तिला मी कधी एक निवडायला सांगितलेलं नाही.

आता माझी एक विनंती आहे, आणि बाईंनी तिला होकार दिला आहे. अवंतिका एक्सप्रेसमध्ये संध्याकाळी बसलेलं आपलं एखादं कुटुंब सकाळी मुंबईत उतरतं, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांना सगळ्यात जास्त गरज असते ती ओळखीच्या माणसाची. डॉक्टर कोणता, गॅसची नोंदणी कुठे, मुलाला तासभर कोणाकडे ठेवायचं. या शाळेचे माजी विद्यार्थी मुंबईत आहेत, ठाण्यात आहेत, सुरतेला आहेत, विशाखापट्टणम आणि चेन्नईपर्यंत आहेत. त्यांची एकत्र नोंद कुठेही नाही. बाहेर दारापाशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तुमच्या घरचं कोणी अशा शहरात असेल आणि नव्याने येणाऱ्या कुटुंबाला मदत करायला तयार असेल, तर त्यांना विचारून त्यांचं नाव, गाव आणि फोन त्यात लिहा. वही शाळेच्या कार्यालयात राहील आणि दाखला न्यायला येणाऱ्या प्रत्येक पालकाला तिथेच दाखवली जाईल. पहिल्या पानावर उलव्याचं आमचं नाव मी लिहिलं आहे. आमच्याकडे एक जादा खोली आहे, पाळणा अजून जपून ठेवला आहे, आणि यजमान मुलं सांभाळण्यात तरबेज आहेत.

बक्षिसांसाठी मुलं केव्हाची थांबली आहेत. बाई, पहिलं नाव पुकारा.