यंत्राला अवधी सांगताना



आम्ही शाळामास्तर, हृदयरोगावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ट्रस्टच्या साहाय्याने शिकणारी आपली मुले आता यंत्रविद्येकडे वळत आहेत. त्यांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतो.

इस्पितळातल्या साध्या हृदयालेखात सुमारे १० सेकंदांचीच नोंद असते. जुनी इंदूरमधल्या एखाद्या अब्बांना फजरच्या नमाजासाठी उठताना, किंवा एखाद्या आजींना काकडआरतीस निघताना छातीत धडधडत असेल, तर ते दुपारच्या १० सेकंदांत कसे सापडावे? म्हणून अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेणारे यंत्र केले. प्रथम ते सुमारे ३८ किलोंचे, पाठीवर वाहण्याचे होते. १९६१ साली 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी ही पद्धत मांडली. आज असे यंत्र खिशात मावते. मुंबईच्या आयआयटीतही 'सिलिकॉन लॉकेट' नावाचे छोटे यंत्र घडवले गेले.

इस्पितळात हे यंत्र जाणकार तंत्रज्ञ लावून देतो. प्रयोगशाळेतल्या नोंदयंत्राला मात्र विद्यार्थ्याने संगणकावरून, सिरीयल तारेने, अक्षरामागून अक्षर धाडून आज्ञा द्यायची असते. दोन्हीकडचा वेग एकच हवा, उदाहरणार्थ ९६००; नाहीतर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. आज्ञेअखेरची एंटरची खूण राहिली, तर यंत्र वाट पाहत बसते.

अवधी मिनिटांत सांगायचा की सेकंदांत, हे आधी माहितीपुस्तिकेत पाहावे. २४ तास म्हणजे ८६,४०० सेकंद. सेकंदाला २५० मोजमापे आणि प्रत्येकास २ बाइट धरले, तर एका वाहिनीस दिवसाला ४ कोटी ३२ लाख बाइट जागा लागते. तेवढी जागा आणि तेवढी बॅटरी आहे ना, हे पाहणे आलेच.

खरा धोका पुढेच आहे. यंत्रातला अवधीचा आकडा १६ बिटांचा असेल, तर त्यात ६५,५३५ हून मोठी संख्या मावत नाही. ८६,४०० लिहिले, तर कित्येकदा वरचे कापले जाऊन २०,८६४ उरतात. म्हणजे ५ तास ४७ मिनिटे. संध्याकाळी ७ वाजता लावलेले यंत्र मध्यरात्रीनंतर पाऊण तासाने मुकाट्याने थांबेल. पहाटेची धडधड नोंदलीच जाणार नाही, आणि कोरा निकाल पाहून घरचे म्हणतील, 'काही नाही, मनाचे खेळ.'

वर्गात प्रश्न घातल्यावर आम्ही तो मुलाकडून म्हणवून घेतो. यंत्राचेही तसेच करावे. आज्ञा दिल्यावर 'किती अवधी ठरला?' असे यंत्रालाच विचारावे, उत्तर वहीत लिहावे, आणि पूर्ण मुदतीची एक चाचणी घेऊन मगच ते माणसाच्या छातीला लावण्याचा विचार करावा.