मुख्य जोखीम अधिकारी आणि आपल्या ठेवी
(सिन्नर येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आयुष्यभर हाती खडू धरलेल्या माणसाने शिक्षणावर बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची अपेक्षा असावी. परंतु आपले कित्येक तरुण आज मुसळगाव व माळेगाव येथील औद्योगिक वसाहतींत कारखाने चालवीत आहेत, आणि आपल्या निवृत्त मंडळींची जन्माची पुंजी बँकांत व पतसंस्थांत आहे. सबब मोठ्या उद्योगांत अलीकडे निर्माण झालेल्या एका अधिकारपदाविषयी चार शब्द बोलण्याची मी परवानगी घेतो. ते पद म्हणजे ‘मुख्य जोखीम अधिकारी’ हे होय.

जोखीम हा शब्द आपणांस परका नाही. प्रवासास निघालेल्या स्त्रीच्या अंगावरील दागिन्यांना आपली जुनी माणसे ‘जोखीम’च म्हणत. व्यापारात ‘जोखमी हुंडी’ असे. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देय होत, वाटेत माल बुडाला तर हुंडीही बुडे. म्हणजे धोका कोणाच्या माथी, हे आपले सावकार आधीच ठरवून ठेवीत. नवीन आहे ते एवढेच की, या एका कामासाठी स्वतंत्र अधिकारी नेमावा ही कल्पना. १९९३ साली अमेरिकेतील जीई कॅपिटल या कंपनीत जेम्स लॅम या गृहस्थांना हे पदनाम मिळाले, व ते धारण करणारे पहिले गृहस्थ म्हणून त्यांचाच उल्लेख होतो. तोपर्यंत हे काम बहुधा विमा उतरविणे व बुडीत रकमांचा हिशेब ठेवणे एवढेच समजले जाई. नुकसान झाल्यावर त्याची नोंद करणारा तो एक कारकून, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

पुढे १९९५ साली लंडनची बेअरिंग्ज ही दोन शतकांची पेढी बुडाली. सिंगापूरमधील निक लीसन हा एकच तरुण सौदेही करी आणि त्या सौद्यांच्या नोंदींवरही त्याचाच ताबा असे. पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच असला तर विद्यार्थी नापास कसा व्हावा? तोटा ८० कोटी पौंडांच्या वर गेला, आणि ती पेढी अवघ्या एका पौंडास विकली गेली.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये बँकांसाठी या पदाचे नियम स्पष्ट केले. ते मी दोनदा वाचले, आणि मला ते फार शहाणपणाचे वाटले. या अधिकाऱ्याची मुदत ठरलेली असावी. मुदतीपूर्वी त्यास दूर करावयाचे तर संचालक मंडळाची संमती हवी व रिझर्व्ह बँकेस कळविले पाहिजे. कर्जवाटपाचे कोणतेही उद्दिष्ट त्याच्यावर लादू नये. त्याने दुसरे पद भूषवू नये. तो व्यवस्थापकीय संचालकांच्या हाताखाली असेल, तर संचालकांच्या जोखीम समितीने निदान तीन महिन्यांतून एकदा त्याला एकट्याला, व्यवस्थापकीय संचालकांच्या गैरहजेरीत, भेटावे. हा शेवटचा नियम ज्याने लिहिला त्याला मनुष्यस्वभाव ठाऊक असला पाहिजे. साहेब समोर बसलेले असताना ‘हे कर्ज देऊ नका’ असे किती नोकर म्हणू शकतील?

पद निर्माण केले म्हणजे काम होते, असे मात्र मुळीच नाही. मुंबईच्या आयएल अँड एफएस या प्रचंड संस्थेत जोखीम समिती होती; परंतु २०१५ ते २०१८ या काळात तिची अवघी एकच बैठक झाली. २०१८ साली ती संस्था कोसळली तेव्हा समूहाचे कर्ज ९० हजार कोटींच्या वर होते. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये बुडाली. त्यापूर्वी कित्येक महिने तेथील जोखीम अधिकाऱ्याची खुर्ची रिकामीच होती.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या सहकारी बँकांकडे वळू. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारास प्रारंभी फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम-समूहाकडे अडकली होती, आणि ती झाकण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट खाती दाखविलेली होती. त्यानंतर जून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसही हा अधिकारी नेमणे आवश्यक केले; परंतु ज्यांची मालमत्ता पाच हजार कोटी वा अधिक आहे, त्यांनाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेच्या तिजोरीतील सुमारे १२२ कोटी रुपयांच्या रोकडीचा मेळ लागेना. तिच्या ठेवी सुमारे २,४०० कोटींच्या. म्हणजे हा नियम तिला लागू नव्हता. ऑगस्ट २०२५ पासून ती सारस्वत बँकेत विलीन झाली.

उद्योगांतही या अधिकाऱ्याची दृष्टी आता विस्तारली आहे. संगणकावरील दरोडा, पाण्याची टंचाई, कच्च्या मालाची वाट, हे सारे त्याच्या कक्षेत येते. आपल्याच तालुक्यातील गुळवंच येथील १,३५० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प पाहा. यंत्रे उभी राहिली, धुरांडी उभी राहिली. परंतु वीज विकत घेण्याचा करार नाही आणि कोळशासाठी लोहमार्गाची सोय नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे थंड पडून राहिला व २०२२ साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात दाखल झाले. माल कोण घेईल आणि कच्चा माल कोणत्या वाटेने येईल, हे दोन प्रश्न लहान कारखानदारासही चुकलेले नाहीत. एकाच मोठ्या कंपनीस सुटे भाग पुरविणाऱ्या आपल्या तरुणांनी ते आजच स्वतःस विचारावेत.

बँक बुडाली तरी प्रत्येक ठेवीदारास पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण २०२० पासून आहे. पतसंस्थेतील ठेवीस हा विमा नाही, आणि तेथे मुख्य जोखीम अधिकारीही नाही. एका पतसंस्थेत (नाव घेत नाही) एका संचालकाच्या नातलगाच्या कर्जअर्जावर तेथील लेखनिकाने ‘तारण अपुरे’ असा शेरा मारला. आठ दिवसांत त्या लेखनिकाची दूरच्या शाखेत बदली झाली, आणि कर्ज मंजूर झाले. तो आपल्या ज्ञातीचा, माझा विद्यार्थी. आजही तेथेच नोकरीस आहे, पण शेरा मारीत नाही.

आपल्यापैकी पाच-सात जण निरनिराळ्या पतसंस्थांचे संचालक आहेत व आज येथे उपस्थित आहेत. लहान संस्थेस मोठ्या पगाराचा अधिकारी परवडणार नाही, हे मला समजते. तथापि पुढील तीन गोष्टींस पैसा लागत नाही: कर्जावर प्रतिकूल शेरा मारणाऱ्या सेवकाची बदली वार्षिक सभेस कळविल्याखेरीज करू नये, तो शेरा इतिवृत्तात शब्दशः उतरवावा, आणि संचालकांनी वर्षातून दोनदा त्या सेवकास, अध्यक्ष व व्यवस्थापक नसताना, एकट्याने ऐकून घ्यावे. येत्या वार्षिक सभेत आपण ज्या ज्या संस्थेचे सभासद आहात, तेथे हा ठराव लेखी द्यावा. मसुदा मी तयार केला आहे. त्याच्या प्रती मंडपाच्या दाराशी ठेविल्या आहेत.