पुढे पाठविणारा हाही प्रकाशकच



अध्यक्षाने प्रारंभी विनयाचे चार शब्द बोलावेत हा आपल्याकडील शिरस्ता मी आज मोडतो. कारण तंत्रज्ञान हे निर्जीव साधन, त्याला पापपुण्य कसले, असा सिद्धान्त मघाशी ज्या वक्त्यांनी मांडला आणि ज्या श्रोत्यांनी तो टाळ्या देऊन मंजूर केला, त्या उभयतांशी माझे भांडण आहे.

१ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, भिक्षेवर उदरनिर्वाह करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत ठेचून मारले. त्यांच्याविरुद्ध ना फिर्याद होती, ना पुरावा. होती ती व्हॉट्सॲपवरून गावोगाव पसरलेली अफवा. त्या सुमारास देशभर फिरविली गेलेली एक चित्रफीत तर कराचीत बालसुरक्षेच्या प्रबोधनार्थ तयार केलेली होती, आणि सत्य उघड करणारा तिचा शेवटच कोणी छाटून टाकला होता. छाटणारा एखादाच असेल; परंतु शहानिशा न करता ती पुढे लोटणाऱ्या असंख्यांत आपल्यासारखे पदवीधर, पेन्शनर आणि, क्षमा करा, कवी नव्हतेच, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता यावा असा निर्बंध भारतात घालण्यास आरंभ केला. आपला विवेक कंपनीने सांभाळावा, ही आपली प्रगती!

१८६७ च्या कायद्याने या देशात छापलेल्या कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण देणे सक्तीचे केले. परकी सरकारचा त्यातील हेतू पाळतीचा होता, हे मीही जाणतो; तथापि ‘केसरी’तील लेखांची जबाबदारी अंगावर घेऊन टिळक १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा भोगण्यास गेले, आणि त्यांचे नाव घेणारे आपण मात्र ‘जसे आले तसे पाठविले’ एवढ्या चार शब्दांवर सुटका करून घेतो.

यावर तोडगा म्हणून २०२१ च्या नियमांनी मूळ प्रेषक हुडकून देण्याची सक्ती मोठ्या कंपन्यांवर केली आहे. तिलाही माझा विरोध आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने ठरविल्यावर, काही गुन्हेगारांपायी सर्वांचे लखोटे उघडण्याची वाट अंमलदारांना मोकळी करून देणे मला मान्य नाही. परंतु सरकारला दाराबाहेर ठेवावयाचे, तर घरातील जबाबदेही आपणच पत्करली पाहिजे.

म्हणून संमेलनाच्या खुल्या अधिवेशनापुढे मी असा ठराव ठेवतो की, या संस्थेचा जो सभासद एखादा मजकूर पुढे पाठवील, तो त्या मजकुराचा प्रकाशक समजला जाईल, आणि मजकूर खोटा ठरल्यास जिथे जिथे तो पाठविला तिथे तिथे स्वतःच्या नावाने दुरुस्ती प्रसिद्ध करण्यास बांधील राहील. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी उभे राहून आपला विरोध नावानिशी नोंदवावा.