शिळावर्तुळांचा अर्थ

प्राचीन अवशेष म्हटले की अजिंठा-वेरूळ डोळ्यांपुढे उभे राहतात. बोरगाव मेघे किंवा वर्धा येथील रहिवाशास मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात खैरवाडा येथे आणि नागपूरनजीक जुनापाणी येथे माळावर मोठमोठ्या शिळांची वर्तुळे मांडलेली आहेत. एकट्या जुनापाणीस ती सुमारे ३०० आहेत. तेथील काही शिळांवर वाटीच्या आकाराचे लहान खळगे कोरलेले दिसतात. त्यांचा अर्थ काय?

रिव्हेट-कार्नॅक ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली ह्यांविषयी लेख प्रसिद्ध केला. ब्रिटनमधील शिळांवरही असेच खळगे असल्याने दोन्हीकडील लोकांचा मूळ संबंध असावा, असा त्याचा तर्क होता. तर्क मोहक खरा. परंतु दगडावर वाटोळा खळगा करणे ही इतकी साधी कृती आहे की, ती कोणासही स्वतंत्रपणे सुचावी. शिवाय तिकडील पुष्कळसे खळगे आपल्या वर्तुळांहून फार जुने आहेत. आपली वर्तुळे लोहयुगातील, म्हणजे स्थूलमानाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील होत.

ही वर्तुळे कशाची, हे कुदळीने सांगितले. डॉ. शां. भा. देव ह्यांच्या नेतृत्वाखाली माहुरझरी येथे उत्खनन झाले, तेव्हा वर्तुळांत मृतांचे अवशेष, लोखंडी हत्यारे, मृद्भांडी आणि तांब्याच्या अलंकारांसह पुरलेले घोडे सापडले. धन्यासमागे त्याचा घोडाही पाठविणाऱ्या समाजाची ही स्मारके आहेत, एवढे निश्चित झाले.

खळग्यांचे कोडे मात्र राहिलेच. अलीकडे खगोलाच्या अभ्यासकांनी जुनापाणीच्या खळग्यांच्या दिशा मोजल्या. त्या यदृच्छेने पडलेल्या नसून ठरावीक गटांत मोडतात, असे त्यांस आढळले. म्हणून कालगणनेशी त्यांचा संबंध असावा, असे ते सुचवितात. हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु पूर्वीच्या तर्काहून ते एका बाबतीत सरस आहे : कोणीही होकायंत्र घेऊन जावे आणि ते पडताळून पाहावे.

मात्र ह्या पडताळणीस शिळा मूळ जागी असावी लागते. बांधास किंवा पायास उपयोगी म्हणून ती हलविली, तर खळगा तसाच राहील, पण त्याची दिशा कायमची नाहीशी होईल. ग्रंथाचे पान फाटले तर दुसरी प्रत शोधता येते. ह्या ग्रंथाची दुसरी प्रत नाही. अर्थ आपणांस आज लागला नाही तरी चालेल. उद्याच्या वाचकासाठी अक्षरे जागच्या जागी ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.