बाभळीचं फुलणं

इटलीत ८ मार्चला, महिला दिनी, स्त्रियांना मिमोसाची फुललेली डहाळी देण्याची पद्धत आहे. १९४६ पासून ती चालत आली आहे. पिवळीजर्द, मऊ, लोकरीच्या गोंड्यांसारखी ही फुलं. त्यांचा फोटो दाखवला, तर आमच्या गडचांदूरचा कुणीही म्हणेल, ‘अहो, ही तर बाभळीची फुलं!’ आणि त्यात फारसं चुकलेलं नसेल. ते झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, पण नात्यानं बाभळीचं चुलत भावंडच.

हे सारं गोतावळं आमच्याकडे आहे. उन्हाळ्यात शिरीष दरवळतो, पावसाळ्यात माणिकगडच्या डोंगराकडे खैराला फिकट तुरे येतात. मग कापसाच्या शेतांच्या धुऱ्यांवर हिवर आणि बाभूळ फुलतात. बाभळीचा एक गोंडा हातात घेऊन नीट पाहा. ते एक फूल नव्हेच. अनेक इवल्या फुलांची ती दाटी आहे. पाकळ्या नावापुरत्या, पिवळा रंग आहे तो पुंकेसरांचा. वास मंद, जवळ गेलं तरच कळणारा. पण जवळ जायचं तर आड येतात पांढरे, लांब काटे!

शिरीषाच्या फुलाला कालिदासानं शकुंतलेच्या कानावर जागा दिली. बाभळीचं आपण काय घेतलं? चाकाचे आरे, वखराचं लाकूड, दात घासायला काडी, लाडवांसाठी डिंक, शेळ्यांसाठी शेंगा, कातडी कमावण्यासाठी साल. फुलं तेवढी कुणी घेतली नाहीत. तिचं नावही गेलं. काट्यावरून पडलेलं ‘अकॅशिया’ हे शास्त्रीय नाव मुळात तिच्या कुळाचं. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या झाडांसाठी राखलं गेलं. त्यांतल्या बहुतेकांना काटेच नाहीत! २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. आता आपली बाभूळ ‘व्हॅचेलिया’ झाली आहे.

नाव गेल्याचं दुःख नाही, धुऱ्यावरच्या झाडाला त्याचं काय! पण काळजीची गोष्ट वेगळी आहे. बाभूळ आजवर टिकली ती उपयोगामुळे. बैलबंडीचं चाक मोडलं की तिची आठवण व्हायची, म्हणून शेतकरी चार झाडं राखून ठेवायचा. आता ट्रॅक्टर आला, चाकं रबराची झाली. मग ती सावली पाडते, पायात काटे टोचतात, एवढंच दिसतं आणि कुऱ्हाड चालते. ज्या गुणानं तिला राखलं तोच निकामी ठरला, तर तिला राखणार कोण?

माझं उत्तर साधं आहे. तिच्या फुलांनी राखावं. पण त्यासाठी ती फुलं आधी कुणीतरी पाहायला हवीत. पाऊस ओसरल्यावर राजुऱ्याकडून गडचांदूरला येताना सिमेंटच्या ट्रकांवरून नजर काढून जरा शेतांकडे वळवा. काळ्या मातीच्या कडेला पिवळे ठिपके दिसतील. मुलांना सांगा, ही बाभूळ. काटे सांभाळून एक गोंडा त्यांच्या तळहातावर ठेवा. आवडलेल्या झाडावर कुऱ्हाड घालताना माणसाचा हात थोडा तरी अडखळतो.